मामांच्या माहितीपटाआधीची पाटी

ऑफिसात तिला सगळे सूचनाबाई म्हणत. चित्रपट सुरू होण्याआधी पडद्यावर जी पाटी येते ना, शिवीगाळ आहे, रक्तपात आहे, लहान मुलांना एकटं बसवू नका, ती पाटी लिहिणं हे तिचं काम. आधी अख्खा चित्रपट बघायचा आणि मग प्रेक्षकाला खुपेल असं त्यात काय आहे ते मोजक्या वाक्यांत सांगायचं. चित्रपट बरा की टुकार यावर अवाक्षर काढायचं नाही. मारामारी ‘अधूनमधून’ आहे की ‘वारंवार’, यावर तिनं साहेबांचं डोकं पुष्कळदा खाल्लं होतं. घरी आईसुद्धा ताट वाढताना चेष्टा करायची, “आजची भाजी तिखट आहे गं. आधीच पाटी लावलेली बरी.”

एके सोमवारी तिच्याकडे एक माहितीपट आला. हेरकथा लिहून घराघरांत पोचलेल्या एका वयोवृद्ध लेखकाचं आयुष्य, असा विषय. साहेबांनी दारातूनच विचारलं, “यात कोणी ओळखीचं, नात्यातलं नाही ना? असेल तर सांगा, दुसऱ्या कोणाला देतो.”

“नाही,” ती म्हणाली.

तो लेखक तिच्या आईचा सख्खा धाकटा भाऊ होता.

ती शाळेत होती तेव्हा मामा त्यांच्याच घरी राहायचे. नोकरी नव्हती, लिहायचं वेड होतं. तिचे बाबा सरकारी भाषांतर खात्यात होते. परदेशी कागद आपल्या भाषेत आणायचे, आणि घरी आले की मेव्हण्याशी गप्पा मारत बसायचे. बाबांचा एक खांदा खाली झुकलेला असायचा. बोलताना ते चष्मा टायच्या टोकानं पुसायचे आणि प्रत्येक वाक्याआधी “बरं तर मग” म्हणायचे. मामांची पहिली कादंबरी आली तेव्हा त्यातला गद्दारही भाषांतर खात्यात होता. त्याचाही एक खांदा झुकलेला होता, तोही टायनं चष्मा पुसायचा आणि “बरं तर मग” म्हणून देशाची गुपितं विकायचा. कादंबरीत त्याला सगळे घुबड म्हणत.

पुस्तक तुफान खपलं. खात्यात बाबांना बघून कोणीतरी पहिल्यांदा घुबडासारखा आवाज काढला, तेव्हा बाबाही हसले होते. मग टेबलावर कागदी घुबडं येऊ लागली. मग महत्त्वाचे कागद त्यांच्याकडे यायचे बंद झाले. चौकशी कधी झालीच नाही. झाली असती तर सुटले तरी असते. एक दिवस त्यांना सरळ तळघरातल्या स्टेशनरीच्या कोठारात पाठवलं. शाई आणि टाइपरायटरच्या रिबिनी मोजत त्यांनी तिथं काही वर्षं काढली. घरी आले की भिंतीकडे तोंड करून बसायचे. शेवटी कोठारातच खुर्चीत बसल्या बसल्या गेले. मामा तोवर मोठ्या घरात राहायला गेले होते. भेटायला आले, हार घातला आणि गेले. त्यानंतर तिनं मामांचं तोंड पाहिलं नाही.

आता ते पडद्यावर होते. केस पांढरेशुभ्र, डोळे जवळजवळ गेलेले, आवाज मात्र तसाच, मधाळ. कसं लिहितो, कुठं बसून लिहितो, सगळं खुलवून सांगत होते. मग दिग्दर्शिकेनं विचारलं, “घुबड हे पात्र तुमच्या मेव्हण्यांवरून घेतलंय म्हणतात. ते खरंच फितूर होते?”

मामा खळखळून हसले. “छे हो! त्या माणसाला बायकोच्या वाढदिवसाचं गुपितसुद्धा संध्याकाळपर्यंत ठेवता यायचं नाही. पण गद्दार म्हणून काय शोभून दिसायचा! शेवटी गेलाही तळघरात. घुबडानं अंधारी जागा बरोबर शोधली.” आणि दिग्दर्शिकेनं तिथं मामांचा हसरा चेहरा थोडा वेळ तसाच ठेवला होता, प्रेक्षकांना हसायला सवड मिळावी म्हणून.

तिनं चित्र थांबवलं. प्रौढांसाठीचा शिक्का मारून शाळा-कॉलेजांत जाण्यापासून हा माहितीपट अडवता आला असता. पण त्यानं मामांचं काय बिघडलं असतं? त्यांचं बिघडायला हवं होतं, आणि तेही चारचौघांत. तिनं पेन उचललं आणि रोज लिहायची तसंच लिहिलं, एक शब्द इकडे नाही की तिकडे नाही.

“या माहितीपटात धूम्रपान आहे. शिवीगाळ क्वचित आहे. एका खऱ्या, निरपराध माणसाची बदनामी केल्याची कबुली आहे. त्याच्या मृत्यूची थट्टा आहे.”

साहेबांनी भुवया वर केल्या. “निरपराध कशावरून?”

“ते स्वतःच म्हणतात.” तिनं तो भाग लावून दाखवला. साहेबांनी दोनदा पाहिला आणि गुपचूप सही केली.

पहिल्या खेळाला तिनं तिकीट काढलं आणि मुद्दाम मामांच्या मागची खुर्ची धरली. दिग्दर्शिकेला पाटी आधीच मिळाली होती. तिचा संताप झाला होता, पण आमंत्रणं गेली होती आणि पाटीशिवाय खेळ लावता येत नव्हता. मामांना काही दिसत नाही, वाचून कोण दाखवणार, एवढ्या भरवशावर दिग्दर्शिका त्यांच्या शेजारी बसली होती. सभागृह गच्च भरलं होतं. दिवे मालवले आणि पाटी आली. हळूहळू कुजबुज सुरू झाली.

“काय झालं?” मामांनी मान वळवली. “काय लिहिलंय?”

“काही नाही, सर. नेहमीचंच,” दिग्दर्शिका म्हणाली.

“मी वाचते, मामा.” ती पुढे झुकली आणि तिनं चारही वाक्यं वाचली, शेवटचं जरा सावकाश. आजूबाजूच्या रांगांना ऐकू जाईल इतक्या आवाजात.

मामांनी ओळखलं. “घुबडाची पोर ना तू?”

“हो. आणि पाटी मीच लिहिलीय.”

“चांगली लिहिलीस.” ते ओठांच्या कोपऱ्यातून हसले. “बापाला एवढं नेमकं कधी जमलं नाही.”

ती पुन्हा टेकून बसली. दिग्दर्शिका तिला बाहेर काढायला कोणाला तरी खुणावत होती. तेवढ्यात मामाच म्हणाले, “बसू दे तिला. आमच्या घरचीच आहे.”

आधीच्या विनोदांना लोक हसले. मामांची मान डोलत होती. मग तो प्रश्न आला. मामा खुर्चीत जरा पुढे सरकले, गवई समेची वाट बघतो तसे. पडद्यावर ते घुबडाबद्दल, तळघराबद्दल बोलले आणि हसले. सभागृहात कोणी हसलं नाही. कोणी खोकलंसुद्धा नाही. हसायला ठेवलेली ती सगळी जागा रिकामी गेली. पाटीनं लोकांना आधीच सांगितलं होतं, हे काय आहे ते.

“आवाज बंद पडला का?” मामांनी विचारलं.

“नाही, सर.”

“मग लोक गेले का उठून?”

मामांचा हात खुर्चीच्या दांड्यावर काहीतरी चाचपडत राहिला. त्या हाताकडे बघत बसण्यात तिला जो आनंद झाला तो तिनं कोणापासून लपवला नाही. मध्यंतरात एक बाई मामांजवळ आल्या, काहीतरी बोलणार होत्या, आणि न बोलताच वळल्या. तेही तिनं डोळे भरून पाहिलं.

तक्रार झालीच. नातं उघडं पडलं. साहेब ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, “माझ्या तोंडावर खोटं बोललात.” तिच्याकडून चित्रपट काढून घेतले आणि मुदतीआधी निवृत्ती घ्या असं सुचवलं. तिनं घेतली. दुसऱ्या दोघांनी माहितीपट नव्यानं पाहिला. त्यांनी ‘बदनामी’च्या जागी ‘अवमान’ घातलं, बाकीचं तसंच ठेवलं.

मग दिग्दर्शिका स्वतः तिच्या घरी आली. “तो भाग मी कापतेय. त्याच्याबरोबर पाटीतली ती वाक्यंही जातील. सरांचीही तीच इच्छा आहे. मिटला वाद.”

“कापू नका.”

“कमाल आहे! तुम्हाला हवंय तरी काय?”

“ते जे बोललेत ते तसंच राहायला हवंय. मामा गेल्यावरही.”

“या आठवड्यानंतर तो भाग नसेल,” दिग्दर्शिका म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आईला घेऊन थिएटरात गेली. आई येतच नव्हती. “भावाची शोभा बघायला मी कशाला येऊ? झालं गेलं ते.” तरी आली. तो भाग आला तेव्हा आईनं तिचं मनगट धरलं आणि चित्र संपेपर्यंत सोडलं नाही. बाहेर येऊन दोघी बाकावर बसल्या.

“म्हणजे त्यांनी काहीच केलं नव्हतं?” आई म्हणाली.

“आई, तुला माहीत नव्हतं?”

“मला वाटायचं, माझा भाऊ उगाच कशाला लिहील? घरातला होता, त्याला काहीतरी दिसलं असेल.” आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. “एकदा मी यांना विचारलं होतं. म्हटलं, निदान माझ्यापाशी तरी खरं सांगा. नुसते बघत राहिले माझ्याकडे. त्यानंतर घरात बोलायचे ते कामापुरतंच.”

बाबा कोठारातून आल्यावर भिंतीकडे तोंड करून का बसायचे, ते तिला तेव्हा कळलं. ऑफिसनं बाबांचे कागद काढून घेतले, तोच सल ती इतकी वर्षं धरून बसली होती. मामांनी घरातून काय काढून नेलं, ते तिला ठाऊकच नव्हतं. हसू गिळून बसलेलं एक सभागृह त्याच्यापुढे काहीच नव्हतं.

“त्याचा नंबर लाव,” आई म्हणाली.

तिनं लावून दिला. आईनं फोन कानाला घट्ट धरला.

“मी तुझी ताई बोलतेय. तुझं सगळं बघितलं मी. नाही, तू बोलू नकोस आता. तू लिहिलंस आणि मी माझ्या नवऱ्यावर संशय घेतला. माझं मी बघेन. पण मी गेल्यावर तू यायचं नाहीस. हार घेऊन तर नाहीच. तुझ्या मुलांनाही सांगून ठेव.”

पलीकडून मामा काहीतरी बोलत होते. आईनं फोन त्यांच्या बोलण्याच्या मध्येच बंद केला आणि लेकीच्या हातात दिला. आईचे डोळे कोरडे होते.

“पुढचा खेळ किती वाजताचा?”

“आई, लगेच पुन्हा? दमशील.”

“ते कापणार आहेत ना? मग दमू दे. जा, तिकिटं काढ.”