चुलीजवळचा पाट

“अंडी न्हाई चालायची बाई आमच्या घरात,” गवराबाई तिसऱ्यांदा म्हणाली. तिसऱ्यांदा तिचा आवाज पहिल्यापेक्षा बारीकच निघाला.

नीलिमाबाई हसल्या. “अहो, पण इटालियन शेवयांचं पीठ अंड्यातच भिजवतात. एवढ्या लांबून आलोय आम्ही. जयसिंग तर म्हणाला होता, आईची काही हरकत नाही.”

गवराबाईनं लेकाकडे पाहिलं. जयसिंग जमिनीकडे बघत होता. सहा महिने कंपनीत काम, मग ब्रेक, मग पुन्हा नव्यानं अर्ज, असं त्याचं चौथं वर्ष चाललं होतं. परमनंट करायच्या कामगारांच्या यादीवर नीलिमाबाईंच्या नवऱ्याची, मोठ्या साहेबांची, सही लागायची. हरकतीचं गवराबाईला कुणी विचारलं नव्हतं, आणि आता विचारून उपयोग नव्हता.

कुरुळीतलं हे दगडी घर पेशवाईपासूनचं, भिंती हातभर रुंद. कंपनीत मशिनी बसवायला आलेल्या इटालियन इंजिनियरची बायको, रोझाबाई, गावच्या उत्सवाला आली आणि इथला चौक, सोपा, चूल बघून हरखून गेली. तिच्या आजोळी असंच घर होतं म्हणे. कंपनीतल्या साहेबांच्या बायकांना तिच्याकडून स्वयंपाक शिकायचाच होता. बंगल्यात गॅसपुढे उभं राहून शिकण्यापेक्षा खेड्यातल्या चुलीवर शिकण्यात मौज जास्त. मग काय, दर गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीला, जीप भरून बायका यायला लागल्या. धूर डोळ्यांत गेला की त्यांना खोकल्यासकट गंमत वाटायची.

पहिले दोन गुरुवार टोमॅटोच्या रश्शावर निभावले. हा तिसरा. गवराबाईनं मुकाट्यानं रव्याचा गोळा घेतला, तेलाचा हात लावला आणि पाटावर सरासरा शेवया वळून दाखवल्या. अख्ख्या गावाच्या लग्नांत तिच्याच शेवया असायच्या. रोझाबाईनं टाळ्या वाजवल्या आणि भरभर काहीतरी सांगितलं.

“काय म्हनली?” गवराबाईनं विचारलं.

“तिची आजी अशीच करायची म्हणे, अंड्याशिवाय,” नीलिमाबाई म्हणाल्या. “पण आपल्याला पुस्तकातल्यासारखं शिकायचंय ना. फोडा गं अंडी.”

अंडी फुटली.

गवराबाईचा नवरा धर्माजी माळकरी होता. वयाच्या विसाव्या वर्षी देहूला जाऊन त्यानं गळ्यात तुळशीची माळ घातली, तेव्हापासून या घरात अंडं आलं नव्हतं. देवानं त्याला खायच्या बाबतीत एकच हौस दिली होती. चुलीजवळ पाटावर बसायचं आणि तव्यावरची टम्म फुगलेली भाकरी थेट ताटात घ्यायची. बोटानं ती फोडायची, वाफेचा चटका बसला की खूश व्हायचं. “चटका बसल तीच भाकर,” असं तो लग्न झाल्यापासून सांगत होता, आणि गवराबाईनंही तेवढं सुख त्याला एक दिवस चुकवलं नव्हतं.

गुरुवारी तो दिवसभर रानात असायचा. त्याला कळणार नाही, असं तिनं स्वतःला समजावलं. जीप गेल्यावर तिनं भांडी राखेनं तीनतीनदा घासली, स्वयंपाकघर शेणानं सारवलं. टरफलं कुठं दिसेनात. जयसिंगनं टाकली असतील, असं तिला वाटलं.

सकाळी धर्माजी आंघोळ करून तांब्या घेऊन तुळशीपाशी गेला आणि तसाच थांबला. तुळशीच्या बुडाशी पांढरी टरफलं बारीक चुरून घातली होती, वर माती दाबली होती. काम रोझाबाईचं. तुळशीचं पान चुरगाळून वास घेत ती काल किती आनंदली होती! तिच्या घरी खिडकीत असलंच रोप असायचं आणि त्याला टरफलांचं खत घालायचे. तिनं मायेनंच केलं होतं. त्यामुळे राग काढायलाही कुणी उरलं नाही.

“अवं, जयसिंगच्या कामापायी...” गवराबाई दारातून म्हणाली.

“ठावं हाय.”

“म्या न्हाई म्हनले व्हते. तीनदा.”

“तू तरी काय करशील?” धर्माजी म्हणाला.

तो ओरडला असता तर तिला रडता तरी आलं असतं. त्यानं तुळस मुळासकट काढली, मुळं धुतली, एका डब्यात लावली आणि डबा गोठ्याच्या दाराशी नेऊन ठेवला. मागोमाग आपली घोंगडीही नेली. “माझी भाकर हिकडंच आन,” एवढंच तो म्हणाला.

रिकामं वृंदावन बघून पुढच्या गुरुवारी रोझाबाईला वाटलं, रोप मेलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी तिनं आपल्या बंगल्यातलं, तिच्या देशाचं रोप आणलं आणि स्वतःच्या हातानं वृंदावनात लावलं. दिसायला तुळशीची बहीणच.

“किती प्रेमळ आहे बघा!” नीलिमाबाई म्हणाल्या. “आणि हो, जयसिंगचं साहेबांच्या कानावर घातलंय मी.”

गवराबाईनं मान हलवली. तिच्या हातात तेवढंच होतं.

दिवाळीआधी जयसिंग परमनंट झाला. रोझाबाई गवराबाईच्या गळ्यात पडून रडली आणि आपल्या देशी गेली. जीप यायची थांबली. दुसऱ्याच दिवशी गवराबाईनं जुनी चूल फोडली, नवी घातली. घर पांढऱ्या मातीनं पोतारलं, देहूला जाऊन इंद्रायणीचं पाणी आणलं आणि कोपरा न् कोपरा शिंपडला. मग चुलीजवळ धुतलेला पाट मांडून ती गोठ्यात गेली.

“चला आता. चूल बी नवी घातलीय.”

धर्माजी लगेच उठला. त्यालाही यायचंच होतं. उंबऱ्यापर्यंत आला, आत मांडलेला पाट त्यानं बघितला आणि तिथंच पायरीवर बसला.

“गवरे, पाय उचलंना गं,” तो म्हणाला. “राग न्हाई माझा. मनाला लई सांगतोय. पर न्हाई उचलत.”

गुडघ्यावर हात टेकून तो उठला आणि गोठ्याकडे परत गेला.

वृंदावनातलं ते परकं रोप उपटायचं गवराबाईच्या दोनदा मनात आलं. जितं रोप उपटवलं नाही. संध्याकाळी तिनं दिवा गोठ्यापाशी डब्यातल्या तुळशीला लावला आणि तांब्यातलं उरलेलं पाणी वृंदावनात ओतलं.

मग तिनं भाकरी टाकली. भाकरी टम्म फुगली. ताटात घेऊन वर दुसरं ताट झाकलं, लुगड्याचा घोळ एका हातानं वर धरला आणि ती चौक ओलांडून पळतच निघाली. पन्नाशीतली बाई अशी पळताना बघून जयसिंगनं तोंड फिरवलं. गोठ्यात पोचून तिनं वरचं ताट काढलं, तेव्हा वाफ जाऊन भाकरी बसली होती.

धर्माजीनं भाकरीवर बोट टेकवलं आणि चटका बसल्यासारखं पटकन मागं घेतलं.

“गरम हाय,” तो म्हणाला.