वरची कवळी

मंगळवारी सकाळी सव्वाअकराला कवळीवाल्याने त्या माणसाला पकडलं. पंचेचाळीस वर्षं जो कुणाच्या हाती लागला नव्हता, ज्याच्यासाठी तीन देशांनी फायली उघडल्या आणि दोघांनी त्या हरवल्या, तो छावणीप्रमुख अखेर सापडला. तोही अक्षरशः जबड्याला धरून. बुधवारी मात्र संबंधित सगळ्यांनी ठरवलं, की मंगळवारी असं काही घडलंच नाही. एवढी शहाणीसुरती माणसं म्हणतात, तर आपणही तसंच धरून चालू. काही घडलं नाही. शुक्रवारपासून सुरुवात करू.

शुक्रवारी कवळीवाला नाकाला रुमाल बांधून कामाला बसला होता. त्याच्या धंद्यात माणसं येत नाहीत, नुसती तोंडं येतात. तीही प्लॅस्टरची, बुडाशी नंबर घातलेली. दातांच्या डॉक्टरीणबाई दवाखान्यात माप घेत, कंपाउंडर ते डब्यात घालून पाठवी आणि हा मागच्या गल्लीतल्या खोलीत बसून कवळी करी. एकतीस वर्षांत गावातलं निम्मं हसू त्याच्या हातून गेलं होतं आणि त्यातल्या एकाचाही चेहरा त्याला ठाऊक नव्हता. रस्त्यात कुणी हसलं, की हा चेहरा सोडून दाढा बघायचा. लग्नही त्यापायीच राहिलं, असं त्याच्या आईचं म्हणणं. बघायला गेला त्या मुलीला त्याने पहिलं वाक्य सांगितलं होतं, की तुमचा उजवा सुळा दोन मिलिमीटर बाहेर आहे. दुसऱ्या वाक्याची वेळ आली नाही.

डबा नंबर एकसष्ट. झाकण उघडलं आणि रुमालाने हात टेकले. कवळ्यांचे वास त्याला पाठ होते: तंबाखूचा, औषधाचा, एकटं राहणाऱ्याचा. हा वास मात्र मुरलेला होता. उन्हाळाभर बंद राहिलेल्या बादलीसारखा. वरची कवळी, मधोमध चिरलेली, कडेने पिवळ्या किटणाचे थर. सोबत चिठ्ठी: ‘पेशंट नवीन नको म्हणतात. हीच सांधून द्या. मंगळवारी बसवायची आहे.’

कवळी विटकरी रंगाच्या कडक रबराची होती. तो धंद्यात पडायच्या आधीच तसल्या कवळ्या बंद झाल्या होत्या. किटण खरवडत खरवडत तो डावीकडे अगदी मागे, शेवटच्या दाढेच्या आतल्या अंगाला पोचला, आणि तिथे त्याला तीन उभ्या रेघा दिसल्या. तिन्हींना छेदून गेलेली एक तिरकी.

त्याच्या मनात आलं, अरे, हे तर माझंच काम. कधी केलं?

या धंद्यातला प्रत्येक कारागीर कामावर कुठेतरी आपली खूण सोडतो. गिऱ्हाइकाला सांगत नाही, कारण आपल्या तोंडात परक्याची सही आहे हे कुणालाच आवडत नाही. तीन उभ्या आणि एक तिरकी ही कवळीवाल्याची खूण. पण रबरात त्याने जन्मात एकही कवळी केली नव्हती. आणि खूण तरी त्याची कुठे होती? ती वडिलांची. वडिलांचे भागीदार, ज्यांना तो काका म्हणायचा, त्यांनी त्याला काम शिकवलं आणि म्हणाले, तुझ्या बापाची आहे, आता तू चालव.

वडिलांना आणि काकांना युद्धात एकाच दिवशी छावणीत नेलं. परत आले ते काका. ते सांगायचे, की छावणीचा प्रमुख घोड्यावरून पडला आणि वरचे सगळे दात घालवून बसला. वडिलांना हुकूम झाला. सामान नाही, हत्यारं नाहीत. वडिलांनी टायर सांधायच्या भट्टीत रबर शिजवून कवळी केली. प्रमुखाने ती बसवली, पावाचा तुकडा तोडला, आरशात हसून पाहिलं आणि वडिलांच्या पाठीवर थाप मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील भिंतीकडच्या रांगेत उभे होते. एका शिपायाने चुकून विचारलं, की साहेब, हा कालचा दातवाला ना? साहेब म्हणाले, हो, पण काम संपलं.

छावणीत वडिलांनी ती एकच कवळी केली. घर आधीच जळलं होतं. त्यामुळे त्यांचा म्हणावा असा फोटोसुद्धा घरात नव्हता. होत्या त्या एवढ्या चार रेघा.

कवळीवाल्याने एकसष्ट नंबर अलगद टेबलावर ठेवला आणि बेसिनपाशी जाऊन ओकला. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच.

आई मागच्या खोलीत लोकरीचे गुंडे करत होती. त्याने सगळं सांगितलं. तिने हात पुढे केला. तो म्हणाला, की घाण आहे, हात लावू नकोस. तिने हात तसाच ठेवला. कवळी तळव्यावर घेऊन तिने खुणेवरून करंगळी फिरवली.

“पहिल्या रेघेला जोर जास्त आहे बघ,” ती म्हणाली. “सगळ्याच कामात तसं. सुरुवातीला जोर, मग आपलं चाललंय.”

मग बराच वेळ तिने कवळी परत दिली नाही.

“बाळा, फाशी वगैरे राहू दे. कुणीतरी त्याला एकदा विचारलेलं मला मरायच्या आत ऐकायचंय. तेवढं कर.”

बाळाचं वय एक्कावन्न होतं.

शनिवारी त्याने कंपाउंडरला नंबर एकसष्ट कोण म्हणून विचारलं. कंपाउंडर म्हणाला, की कमाल करता, हसरे आजोबा हो.

हसऱ्या आजोबांना गाव ओळखत होतं. बागेतल्या हास्य मंडळाचे ते संस्थापक, अध्यक्ष आणि खजिनदार. गावात आले तेव्हापासून ते निवृत्तच होते; कशातून, ते कुणी विचारलं नव्हतं. रोज सकाळी चाळीसेक माणसं त्यांच्यासमोर रांगेत उभी राहत आणि त्यांनी हात वर केला, की हसत. हात खाली आला, की गप्प. नव्या माणसाला वाटे काय हा विनोद. जुनी माणसं सांगत, की आजोबांना शिस्त आवडते.

रविवारी सकाळी कवळीवाला बागेत झाडाआड उभा राहिला. कवळी त्याच्याकडे असल्याने आजोबा त्या दिवशी बोळक्यानेच हसत होते. ओठ आत ओढलेले, हिरड्या ओल्या, हनुवटीवर लाळेची तार. एका बाईने लगबगीने रुमाल पुढे केला. दोन मुलांनी त्यांच्या पायाला मिठी मारली. कवळीवाल्याला वाटलं, आपण चिखलात तोंड घालून पाणी प्यालो आहोत. पंचवीसेक वर्षांपूर्वी, पाय मुरगळला होता तेव्हा, याच माणसाने त्याला हाताला धरून रस्ता ओलांडून दिला होता. घरी जाऊन त्याने तो हात तीनदा धुतला. पंचवीस वर्षं उशीर झाला होता, पण धुतला.

सोमवारी तो सरकारी कचेरीत गेला. युद्धकालीन तक्रारींचा कक्ष तिसऱ्या मजल्यावर होता आणि वजनमापे खात्याशी त्याचं टेबल सामाईक होतं, म्हणून तक्रार सांगताना मध्ये तराजू येत होता. पलीकडे एक तरुण कारकूनबाई चहा पीत होती. त्याने डबा उघडला. तिने चहावर बशी झाकली.

त्याने खुणेचा फोटो काढून आणला होता. तिने तो नीट पाहिला, मग त्याच्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, की काका, ही खूण तुमचीही आहे, तुम्हीच सांगता. गावभर तुम्ही ती काढत फिरताय. फोटोत काय कळणार, कुठल्या कवळीवरची? अस्सल वस्तू लागेल, तज्ज्ञ तपासतील, रबर किती जुनं ते सांगतील.

त्याने डबा पुढे सरकवला. तिने तो पट्टीने मागे सरकवला.

“अशी नाही घेता येणार. नमुना स्वच्छ आणि कोरडा असावा, नियम आहे.”

“अहो, पुरावा आहे हा.”

“असेल हो काका. पण कपाट माझं आहे.”

तिने नियमाचा कागदच दाखवला. सही, शिक्का, सगळं होतं. उद्या दुपारी एकपर्यंत घेऊन या, म्हणाली. आणि मनापासून म्हणाली. तशी ती वाईट नव्हती.

त्या दिवशी दुपारी कवळीवाला कवळी स्वच्छ करायला बसला. आई शेजारी स्टूल ओढून बसली आणि कधी नव्हे ते वडिलांबद्दल बोलू लागली. त्यांना पोहता येत नव्हतं. तरी ते पाण्यात उतरायचे आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून इतरांना सूचना द्यायचे. तो ऐकत होता. पंचेचाळीस वर्षांत तिने एवढं सांगितलं नव्हतं. हात आपलं काम करत होते. हातांनी किटण काढलं, चीर सांधली, सांधा घासला. हातांनी पॉलिशचं चाक सुरू केलं. हातांना काय ठाऊक, की ही कवळी तोंडात जायची नाही, कपाटात जायची आहे? एकतीस वर्षं त्यांनी चकचकीत केल्याशिवाय एकही काम खाली ठेवलं नव्हतं. मागचा भाग, आतली बाजू, जिथे जीभ लागते तिथे काही टोचता कामा नये.

आई बोलायची थांबली तेव्हा त्याने खाली पाहिलं. कवळी आरशासारखी झाली होती. डावीकडे मागे, शेवटच्या दाढेच्या आतल्या अंगाला, ती फारच सुरेख गुळगुळीत होती.

चाक बंद होऊन थांबेपर्यंत दोघं बसून राहिली. मग आईने करंगळी फिरवली. पुन्हा फिरवली.

“सांधा कळत नाही हं,” ती म्हणाली. “त्यांनाही इतका जमला नसता.”

कचेरीत त्याने फोन केला. खूण गेली असं सांगितलं. पलीकडे बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. मग कारकूनबाई म्हणाली, की खूण नसेल तर मग ती नुसती कवळी आहे, काका.

आता मंगळवार, जो झालाच नाही.

कवळी बसवायला तो स्वतः दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाईंना नवल वाटलं, पण जुनं रबर आहे, बसवताना नाजूक, असं तो म्हणाला. आजोबा खुर्चीत रेलून पडले होते. त्यांनी आ केला. आतून बादलीचा वास आला. कवळीवाल्याने डाव्या हाताने त्यांचा जबडा धरला आणि कवळी वर बसवली नाही. हातातच ठेवली.

“फार जुनी आहे,” तो म्हणाला. “कुणी केली?”

“होता एक.” बोळक्यातून शब्द ओले होऊन येत होते. “कलाकार माणूस. माझ्या हाताखाली पुष्कळ होते, पण अशी पकड पुन्हा कुणाला जमली नाही.”

“मग त्याचं काय झालं?”

आजोबांनी डोळे उघडले. त्यांनी कवळीवाल्याचा चेहरा पाहिला. कपाळ, नाक, कानाची पाळी, जसं बाजारात काही ओळखीचं दिसावं. त्यांना भीती वाटली नाही. उलट आवडलं असावं.

“त्याचं काम संपलं होतं,” ते म्हणाले.

कवळीवाल्याची बोटं जबड्यात रुतली. किती वेळ, ते सांगता येत नाही, कारण ती वेळ झालीच नाही. कंपाउंडरने त्याला मागे ओढलं. डॉक्टरीणबाई ओरडल्या. आजोबांनी खाली पडलेली कवळी स्वतः उचलली, बाहीला पुसली, टक् करून बसवली आणि जिभेने आतून सगळीकडे चाचपली. डावीकडे मागे जीभ जरा थांबली.

“वा,” ते हसून म्हणाले. “इथे कायम काहीतरी टोचायचं. आता गेलं.”

बुधवारी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की त्या तेव्हा हातमोजे शोधत होत्या. कंपाउंडर म्हणाला, की पाण्याचा नळ चालू होता. दोघांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि थोडे दिवस सुट्टी घ्या म्हटलं.

घरी आईने एवढंच विचारलं, “विचारलंस?”

“विचारलं.”

“मग?”

“त्याला आठवत होतं.”

आईने बरं म्हटलं आणि लोकरीचा गुंडा पुढे गुंडाळायला घेतला.

वर्षभराने हसरे आजोबा झोपेत गेले. नगरपालिकेने पार्थिव सभागृहात ठेवलं. हास्य मंडळाने शोकसभा घेतली आणि सगळे उभे राहून एक मिनिट हसले. कवळीवाला दाराशी उभा होता. कुणीतरी आजोबांचे ओठ जरा वर ओढून बांधले होते, म्हणजे शेवटपर्यंत हसरे दिसावेत. वरची ओळ संपूर्ण दिसत होती. काम चोख होतं.

तो तिथून पालिकेच्या खिडकीवर गेला आणि उभ्या उभ्या अर्ज लिहिला:

‘मा. अधीक्षक, मृत्युनोंद विभाग, यांस. सविनय अर्ज करतो, की सभागृहात ठेवलेल्या मयताच्या तोंडातील वरची कवळी ही अर्जदाराच्या वडिलांनी स्वहस्ते केलेली असून, त्यांची अन्य कोणतीही वस्तू कुटुंबाकडे नाही. सबब उद्या सकाळी अकराच्या अंत्यविधीआधी ती काढून अर्जदाराच्या अथवा अर्जदाराच्या आईच्या ताब्यात द्यावी. कवळी स्वच्छ करून देण्याची आवश्यकता नाही.’