भस्माचा स्लॅब

भस्मगुरूंनी पुडीतलं पांढरं भस्म घमेल्यात कालवलं, डोळे मिटून लांबलचक मंत्र म्हटला आणि वीस मिनिटांत लादी अशी घट्ट झाली की दोन भक्त तिच्यावर उभे राहिले. मैदान टाळ्यांनी दणाणलं. भट्ट्या पेटवून धरणीमातेला भाजू नका, निम्मं सिमेंट आणि निम्मं भस्म घ्या, असा उपदेश झाला. धरणीमातेची एवढी कणव, पण पुडी काही फुकट नव्हती!

पहिल्या रांगेत म्हातारा गवंडी हात जोडून बसला होता. बांधकामाचा माल तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करणारी त्याची धाकटी लेक मागे धुमसत उभी होती. थोरल्या बहिणीच्या घरासाठी तिने वीजकेंद्राची राख मिसळलेलं सिमेंट आणलं होतं. त्यात भट्टीत भाजलेला माल कमी, म्हणून धूर कमी आणि पोतंही स्वस्त. फक्त चार आठवडे पाणी मारत धीर धरायचा. पण बापाची रीत ठरलेली. तिसऱ्या दिवशी त्याने नमुन्यावर खिळा ओढला, ओरखडा उठला आणि पोती परत गेली. मग त्याच घराचा स्लॅब त्याने गुरूंच्या मागच्या सभेतून आणलेलं भस्म घालून ओतला. आता थोरली तान्ह्या बाळाला घेऊन सोमवारी तिथे राहायला येणार होती.

स्लॅबच्या उरलेल्या मालाची एक वडी आणि राखेच्या सिमेंटची महिन्यापूर्वीची एक, अशा दोन्ही तिने बादलीत बुडवून ठेवल्या होत्या. घरी येताच तिने त्या बापापुढे ठेवल्या. राखेची वडी हातोड्याला दाद देईना. भस्माची तडकली होती. अंगठ्याने दाबताच तिच्या कडेचा चुरा झाला.

"बाबा, हे भस्म म्हणजे नक्षीकामाचं प्लॅस्टर, पीओपी आहे. ते झटपट घट्ट होतं. तोवर वेळ काढायला मंत्र. ओल लागली की भुसभुशीत होतं, आतून फुगून सिमेंटलाही फोडतं. स्लॅबला पाणी मारू नका, कोप होईल, असं गुरू का म्हणाला ते कळलं?"

बापाने तो चुरा बोटांत चोळून पाहिला. गवंडीकामात त्याची हयात गेली होती आणि ताज्या स्लॅबला पाणी मारणं बंद करताना त्याचा हात अडखळला नव्हता.

सोमवारी तो घण घालून स्लॅब पाडत होता. थोरली बाळाला छातीशी धरून रस्त्यातच उभी राहिली. गुरू केव्हाच पुढच्या गावी पसार झाला होता, तरी शेजारी म्हणाले की याचीच श्रद्धा कमी पडली.

"श्रद्धा भरपूर होती," गवंडी म्हणाला. "तिच्यापायी नातवंडाचा जीव घेतला असता मी. ज्या छताखाली लेकरं निजवणार, ते कुणाच्या शब्दावर घालू नका. माझ्याही नाही. आधी तपासून घ्या."