तांदळातला खडा

ताईने कपाटातल्या टॉवेलांच्या घड्यांमधून नवऱ्याचा फोन काढला, टेबलावर उपडा ठेवला आणि वरून आणखी एक नॅपकिन टाकला. झोपलेलं मूल उठू नये तशी ती हळू वावरत होती.

"हाच ना गं तो? तू लिहिलंस त्यातला?" तिने दबक्या आवाजात विचारलं.

धाकटीने मान हलवली. ह्यासाठीच तर ती ऑफिसला दांडी मारून भरदुपारी बहिणीकडे आली होती. आज सांगून मोकळं व्हायचं, असं बसमध्ये मनाशी घोकत आली होती.

धाकटी बाजारात न आलेल्या फोनांच्या बातम्या लिहायची. कॅमेरा केवढा, बॅटरी किती टिकणार, कडा गोल की चौकोनी, सगळं सूत्रांच्या हवाल्याने. दुसऱ्या वेबसाइटवाले तिच्या बातम्या जशाच्या तशा उचलत, म्हणून ऑफिसात एक रीत पडली होती. प्रत्येक बातमीत एक धादांत खोटी गोष्ट घालायची. तिला सगळे खडा म्हणत. तांदळातला खडा दाताखाली आला की चोर सापडतो. या वेळचा खडा तिने चहा पिता पिता रचला होता: नव्या फोनमधला एक भाग फोन बंद असतानाही आजूबाजूचं बोलणं साठवून ठेवतो, कंपनीच्या जुन्या फोनांतही तो गुपचूप बसवलेला आहे, आणि जुना फोन नव्याला जोडला की ते सगळं ऐकता येईल.

चोर सापडले. पण खडा ताईच्या मुलाच्याही दाताखाली आला.

भावोजी गेले ती दुपार घरात सगळ्यांना पाठ होती. ताई औषध आणायला गेलेली, ते एकटेच पलंगावर, आणि उशाशी चार्जिंग संपून बंद पडलेला हाच फोन. ती परतली तोवर सगळं आटोपलं होतं. परगावी नोकरी करणाऱ्या मुलाला तेव्हापासून एकच गोष्ट आतून पोखरत होती. बाबा शेवटी काही म्हणाले असतील का? बातमी वाचल्यापासून त्याने आईमागे धोशा लावला होता, बाबांचा फोन मला पाठव, नवा निघाला रे निघाला की मी घेतोच. ताई आज पाठवते, उद्या पाठवते करत होती. तिच्याच्याने तो हातातून सोडवत नसेल, असं धाकटीला वाटे आणि स्वतःची लाज वाटे. गंमत म्हणून रचलेल्या दोन ओळींपायी पोर आशेला लागलं होतं आणि ताई निम्मी झाली होती.

"ताई, ऐक," तिने सुरुवात केली, तोच तिचा स्वतःचा फोन वाजला. संपादक होते. ती गॅलरीत गेली.

संपादक भलतेच खुशीत होते. कंपनीच्या माणसाने स्वतः फोन केला होता. कॅमेऱ्याबद्दल त्याची तक्रार नव्हती, बॅटरीबद्दल नव्हती. फक्त त्या दोन ओळी ताबडतोब काढा, आणि त्या कुणी सांगितल्या त्याचं नाव द्या, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

धाकटीने गॅलरीचं दार मागे ओढून घेतलं. खोट्या बातमीकडे कंपनी ढुंकूनही बघत नाही, हे या धंद्यात शेंबडं पोरही सांगेल. मागे त्यांनी फोन पाण्यावर तरंगणार असं छापलं होतं, तेव्हा तिकडून चकार शब्द आला नव्हता. झोंबतं ते खरंच.

"सर, तो खडा होता," ती म्हणाली. "मी मनानेच लिहिलं होतं."

"बरं, नको सांगूस," संपादक हसून म्हणाले. "पण तुझा माणूस जप."

तिने आपला फोन बंद केला आणि त्याच्या काळ्या काचेकडे बघत राहिली. खाली रस्त्यावर माणसं जात-येत होती, कुणाच्या हातात एक, कुणाच्या खिशात एक. आत जाताना फोन तिने गॅलरीतच कुंडीआड ठेवून दिला.

ताई तशीच बसली होती, नॅपकिनवर एक हात दाबून. तिच्याकडे बघून धाकटीला दुसरं काही सुचेना. जे सांगायला आली होती तेच तिने सांगितलं.

"ते खोटं आहे ताई. मीच रचलंय. असं काही नसतं."

"शपथ?"

"तुझी शपथ."

ताई आता रडणार म्हणून धाकटीने खुर्ची जवळ ओढली. पण ताईने नुसता लांब श्वास सोडला. चहा टाकते म्हणाली, आणि आवाज एकदम पहिल्यासारखा खणखणीत झाला. स्वयंपाकघराच्या दारात मात्र ती पाठमोरीच थांबली.

"किती हाका मारल्या गं त्यांनी," ती म्हणाली. "मला वाटलं, नेहमीचंच. पाणी हवं असेल."

धाकटीला आधी उमगलंच नाही. "पण तू तर औषध आणायला..."

"घरातच होते मी."

आत नळ सुटला, कपबश्या वाजल्या. थोड्या वेळाने ताई हात पुसत बाहेर आली. तिने नॅपकिन काढून खांद्यावर टाकला आणि फोन उचलून धाकटीच्या हातात दिला.

"उद्या ऑफिसला जाताना पाठवून दे त्याला. बापाची आठवण म्हणून राहू दे पोराकडे. आता कसली भीती?"

नको ताई, असं म्हणायला धाकटीने तोंड उघडलं, आणि फोन तोंडाशीच आहे हे ध्यानात येऊन ओठ घट्ट मिटून घेतले.