रांगेची उंची

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. कागदावरचा नव्हे, कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा. माझे आयुष्य बट्टंबाँग शहरातल्या एका छोट्या रेडिओ केंद्रात गेले. युद्धात ताटातूट झालेली माणसे आपल्या माणसांसाठी तिथे निरोप देत. बाहेर बसणारा सारून ते टाइप करी आणि निवेदिका बोफा आतल्या खोलीत मला पाहून वाचून दाखवी. तेव्हा माझे फार कौतुक होई.

पण ज्याने मला घडवले, त्याने माझ्या प्रत्येक रांगेला, म्हणजे एकेका निरोपाला, एकाच ओळीपुरती उंची दिली होती. लांबलेला मजकूर घडी पडून दुसऱ्या ओळीत जाई आणि तिथेच झाकला जाई. तिथल्या ख्मेर लिपीतल्या अक्षरांना खाली पाय असतात, तेही कापले जात.

होम नावाची म्हातारी दरवर्षी पेरणीआधी येई. सगळे तिला येय, म्हणजे आजी म्हणत. पळापळीत तिची सगळ्यांत धाकटी बहीण फाली हरवली होती.

"फाली नाव तिला आठवायचं नाही," ती सारूनला सांगे. "एवढीशी होती. तिरकी पळायची म्हणून आम्ही खेकडी म्हणायचो. तेवढं नक्की टाक, बाळा."

सारूनने ते टाकले होते. पण ते दुसऱ्या ओळीत गेले. पहिली ओळ फालीच्या नावावर संपे आणि बोफाला निरोप पुरा झाला असे वाटे.

"तुमची बाई खेकडी म्हणालीच नाही," येय एकदा तक्रार घेऊन आली.

सारूनने आपल्या पडद्यावर पूर्ण निरोप उघडला. "हे काय, लिहिलंय की. डुलकी लागली असेल तुम्हाला, येय."

"लागली असेल," ती म्हणाली. तिला वाचता येत नव्हते.

पुढे तिचे येणे थांबले. निरोप मात्र वाचला जात राहिला, तसाच अर्धा.

मग माझ्या दुरुस्तीला चान्थू नावाची मुलगी आली. "ताई, अक्षरांचे पाय कापलेत. वाचता कसं?"

"सवयीनं," बोफा म्हणाली.

चान्थूने मला रकान्याची रुंदी मोजायला, मजकूर किती ओळींत मावतो ते पाहायला आणि रांगेला तेवढी उंची द्यायला शिकवले. झाकलेले सगळे वर आले. त्या दुपारी बोफाने होमचा निरोप पुरता वाचला.

काही दिवसांनी पायलिनहून एक बाई आली. "मला खेकडी म्हणायचे," ती दारातच म्हणाली.

सारूनने होमच्या गावी फोन लावला. तिकडून कळले, येयला जाऊन वर्ष होत आले होते.

बाई रडली नाही. "मला उलट निरोप देता येईल?"

"कुणाला, मावशी?"

"ताईला. लिही तू."

नवऱ्याबद्दल, मुलांबद्दल, शेतातल्या मक्याबद्दल ती सांगत गेली. सारून टाइप करत गेला. माझी रांग वाढत गेली. एकही अक्षर झाकले गेले नाही. बोफाने ते सगळे वाचले.

मित्रांनो, आता मला कुणी उघडत नाही. तुम्ही कधी दुसऱ्याच्या शब्दांसाठी चौकट आखाल, तर आधी त्याचे म्हणणे संपू द्या, मग रेघा मारा. नंतर वाढवलेल्या जागेतला निरोप रिकाम्या घरात पोचतो.