ड्रेसचं कोड

आमच्या बपेरा गावात ड्रेस म्हणजे एकच गोष्ट. सलवार, कुर्ता आणि ओढणी. शाळेतल्या पोरांचा असतो तो युनिफॉर्म, साहेबाचा असतो तो सूट आणि नवऱ्याचे असतात ते कपडे. ड्रेस पोरी घालतात. लग्न झालं की ड्रेस पेटीत जातो आणि दोन-तीन वर्षांनी उशीची खोळ होऊन बाहेर येतो. माझ्या हिरव्या ड्रेसच्या दोन खोळी झाल्या. एकीवर माझा नवरा कैलाश ती विरेपर्यंत घोरला.

हे आधीच सांगून ठेवलं, कारण पुढे जे झालं ते या एका शब्दापायी झालं.

आम्ही सात बायका रोवण्याची गाणी म्हणतो. धान रोवताना बांधीतल्या चिखलात वाकून, एक-एक पाऊल मागे सरत म्हणायची ती गाणी. कोणीतरी मोबाईलवर आमचा व्हिडिओ काढला, तो फिरत फिरत भंडाऱ्याला पोचला आणि तिथल्या सरकारी महोत्सवात आम्हाला बोलावणं आलं. स्टेजवर. माईकसमोर.

सोमवारी संध्याकाळी महोत्सवाच्या टीना मॅडमचा मेसेज आला. सगळ्या माझ्या ओसरीवर तालमीला जमलेल्या होत्या. मी वाचून दाखवला, "शनिवारी दुपारी दोन वाजता कार्यक्रम. सर्व महिला कलाकारांना ड्रेस कोड सक्तीचा आहे. सोबतचा फोटो पाहावा."

फोटोच्या जागी एक करडा चौकोन होता आणि त्यात एक गोल गरगर फिरत होता. आमच्या गावात नेटवर्क नदीवरच्या वाऱ्यासारखं येतं, लागलं तर लागलं.

"कोड?" ललिताबाई दचकल्या. "अंगावर पांढरे चट्टे येतात ते?"

"ते नाही व," सत्यभामाकाकी म्हणाल्या. काकी बासष्ट वर्षांच्या, आमच्यात सगळ्यात मोठ्या, गाणं उचलणाऱ्या त्याच. "कोडकौतुकातलं कोड. लेकराचं कोड पुरवत नाही काय आपण?"

"म्हणजे ड्रेसचं कोड?"

"हो. अन् तेही सक्तीचं."

"सरकार आपल्या ड्रेसचं कोड पुरवून राहिलं?"

"सरकार कायले पुरवते. आपलं आपल्यालेच पुरवाचं आहे. ते फक्त सक्ती करून राहिले."

सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. मी दहावी नापास, पण किराण्याच्या पुडीचा कागदही वाचल्याशिवाय टाकत नाही. मला समजायला पाहिजे होतं. थोडं समजलंही असेल. पण तोंडातून निघालं ते असं, "लिहिलं तं सक्तीचाच आहे."

झालं. ओसरीवर असा गलका उठला की आमची गाय उठून उभी राहिली. मी कापडं शिवते, हे सगळ्यांना माहीत. कोणी शिकवलं नाही. लग्नाआधी शेजारच्या ताईचा ड्रेस उसवून, त्याचे तुकडे अंगणात मांडून मी कटिंग शिकले, आणि ताईला कळायच्या आत परत शिवूनही ठेवला. एक बाही उलटी लागली होती, पण ताई खूप दिवस त्यालाच फॅशन समजत होती.

आता सात ड्रेस, पाच दिवस आणि एक मशीन. लग्नाच्या सव्वीस वर्षांत मला एवढा आनंद झाला नव्हता. माझी पोरगी राखी जन्मली तेव्हाचा सोडून.

उरला प्रश्न सासूबाईंचा. माझी सासू, शकुनबाई, रागीट नाही. ती भांडत नाही, टोमणे मारत नाही. ती एकच शब्द बोलते. मी दारातून निघाले की म्हणते, "पदर." मी पदर सावरते आणि निघते. सव्वीस वर्षं हेच. आता माझं वय अठ्ठेचाळीस. अंगातून अचानक अशा वाफा निघतात की माघातही गळ्यावरून घाम वाहतो, आणि त्या वेळी डोक्यावरचा पदर गोधडीसारखा वाटतो. पण 'पदर' म्हटलं की हात आपोआप वर जातो.

मी त्यांना जाऊन सांगितलं, "आई, शनिवारी ड्रेस घालावा लागते. सक्ती आहे."

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सरकारनंच म्हटलं तं काय करता."

बस, एवढंच. मी आत जाऊन पेटी उघडली. तळाशी कापड होतं, ऐन फुललेल्या पळसाच्या रंगाचं. चार वर्षांपूर्वी साकोलीच्या दुकानातून राखीसाठी म्हणून घेतलं होतं. राखीला असे भडक रंग कधीच आवडले नाहीत, हे मला घेतानाही माहीत होतं.

मंगळवारपासून माझं घर म्हणजे कपड्याचं दुकान झालं. मापं घेताना हसून हसून टेप हातातून सुटायची. ललिताबाईंना गळा बंद पाहिजे होता, मग थोडा उघडा, मग "नाही व, बंदच, पण बटनं लाव, पुढचं पुढं पाहू." सत्यभामाकाकींनी जांभळं कापड आणलं. म्हणाल्या, "साडीत मी बुढी दिसतो, यात कशी दिसन ते पाहाचं आहे."

मी प्रत्येक कुर्त्याला खिसा लावला. कोणी सांगितलं नव्हतं. पण आयुष्यभर किल्ली कमरेला, मोबाईल ब्लाऊजमध्ये आणि सुपारी पदराच्या गाठीत ठेवणाऱ्या बायका आम्ही. काकींनी कुर्ता घालून पाहिला आणि हात सहज खाली गेला, तो खिशात शिरला. त्या थांबल्या. हात बाहेर काढला, परत घातला.

"दीपमाला, हे भोक कायचं?"

"खिसा आहे, काकी."

"माझा?"

मग त्या आरशासमोर दोनदा गोल फिरल्या, आणि त्यानंतर घरी जाईपर्यंत त्यांचा हात खिशातच होता. रस्त्यानं अशा चालल्या जशा काही सरपंचाची निवडणूक जिंकून आल्या.

गुरुवारी मी लेस आणायला तुमसरला गेले. बसस्टँडवर उतरले, मोबाईलला चांगलं नेटवर्क लागलं आणि तो गरगरणारा गोल थांबला.

फोटो उघडला. फोटोत एक बाई होती. हिरवं नऊवारी लुगडं, कासोटा, डोक्यावर पदर, नाकात नथ. खाली लिहिलं होतं, 'ड्रेस कोड: पारंपरिक लुगडं'.

मी लेसच्या दुकानासमोरच्या पायरीवर बसून राहिले. चार ड्रेस शिवून झाले होते, दोन कापलेले होते. माझा मशीनवर होता, फक्त बाह्या लावायच्या राहिल्या होत्या. लुगडी प्रत्येकीच्या घरी होती. एक मेसेज टाकला असता तर सगळं जागच्या जागी आलं असतं. सहा जणी थोड्या हिरमुसल्या असत्या, आणि माझा पळसाचा ड्रेस परत पेटीच्या तळाशी गेला असता. तिथून थेट खोळ.

दुकानदारानं विचारलं, "ताई, काय दाखवू?"

मी म्हटलं, "सोनेरी. रुंद."

घरी आले, बाह्या लावल्या, बाह्यांना लेस लावली. कोणाला काही बोलले नाही. शुक्रवारी तालमीत काकींनी विचारलंसुद्धा, "फोटू आला काय व?" मी म्हटलं, "गोल फिरूनच राहिला." आणि मोबाईल ब्लाऊजमध्ये खोचला.

शनिवारी सकाळी मी ड्रेस घालून बाहेरच्या खोलीत आले. कैलाश चहा पीत होता. कप तोंडाशीच राहिला.

"काय पाहून राहिले?"

"काही नाही," तो म्हणाला. "वरात कुठं जाऊन राहिली ते पाहून राहिलो." पण नंतर मला स्टँडपर्यंत गाडीवर त्यानंच सोडलं, आणि जवळचा रस्ता सोडून चौकातून नेलं.

निघताना दारात सासूबाई बसल्या होत्या. सवयीनं त्यांचं तोंड उघडलं. "प..." एवढंच निघालं. पदर नव्हताच. त्यांनी तोंड मिटलं आणि पान खाल्ल्यासारखं हलवत बसल्या.

एसटीत सात रंग होते. तुमसरला गाडी बदलताना ललिताबाई खिडकीच्या काचेत पाहून गळ्याचं वरचं बटन उघडत होत्या आणि लावत होत्या. भंडाऱ्याला उतरलो तेव्हा बटन उघडं होतं.

स्टेजच्या मागं टीना मॅडम भेटल्या. तरुण पोरगी, जीन्स घातलेली, गळ्यात कार्ड. तिनं आमच्याकडे पाहिलं, हातातल्या यादीकडे पाहिलं.

"बपेऱ्याच्या रोवणा गीतवाल्या ताई तुम्हीच?"

"आम्हीच."

"अहो, हे काय? लुगडं सांगितलं होतं ना? मी फोटो पाठवला होता."

सहा डोकी माझ्याकडे वळली. मला सोपा रस्ता होता. नेटवर्क नव्हतं, फोटो उघडला नाही, एवढं म्हटलं की दोष टॉवरचा. बपेऱ्याच्या टॉवरनं असे लय दोष पचवले आहेत. माझ्या अंगातून तेवढ्यात ती वाफ उठली, पायापासून कानापर्यंत. आणि डोक्यावर काही नव्हतं, मान मोकळी होती, वारा लागत होता.

"दिसला होता फोटू," मी म्हटलं. "गुरुवारी. मी कोणाले सांगतलं नाही. मले हा ड्रेस घालाचा होता."

आत कोणीतरी माईकवर 'हॅलो, हॅलो' करत होतं. ललिताबाईंचा हात गळ्याच्या बटनाकडे गेला. मी काकींकडे पाहायचं टाळलं.

"मग आता कसं?" मॅडम म्हणाल्या. "रोवण्याची गाणी अशी सलवार-कुर्त्यात? खरी वाटली पाहिजेत ना."

"खरी?" हा आवाज काकींचा होता. त्यांचा हात खिशात होता. "म्याडम, रोवण्याले आम्ही लुगड्यावर घरच्या बुढ्याचा शर्ट घालतो. फुल बाहीचा. धानाच्या पऱ्ह्याची पात हाताले कापते म्हणून. तुमच्या फोटूतल्या बाईनं शर्ट नाही घातला. अन् नथ घालून चिखलात कोण जाते? पडली तं शोधन कोण?"

मॅडमच्या ओठांचा कोपरा हलला.

"खरंच पाहिजे असन तं सांगा, शर्ट आणतो. चिखलही आणतो. नाही तं हे पाहा." काकींनी ओढणी गळ्यातून काढली, कमरेला करकचून बांधली, वाकून सलवार गुडघ्यापर्यंत वर सारली आणि खोचली. "झाला रोवणा. खाली लुगडं आहे का सलवार, धानाले काय करायचं?"

मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "तूही बांध व. उभी काय राहिली. भाषण झालं तुझं."

मॅडमनं घड्याळात पाहिलं. "जा ताई," ती म्हणाली, "पण कमरेच्या गाठी पक्क्या मारा."

आम्ही वर गेलो. समोर एवढी माणसं की डोळ्यांत मावेनात. काकींनी आवाज लावला:

"मांगं मांगं सरू बाई, पुढं हिरवं होऊ दे..."

आणि आम्ही वाकलो. तालमीत साडीत वाकताना निऱ्या सांभाळायच्या, पदर सांभाळायचा, त्यात पाय चुकायचा. इथं काहीच सांभाळायचं नव्हतं. सात जणी एका ठेक्यात खाली, एका ठेक्यात मागे. पळस, जांभळा, मोरपंखी, गुलाबी. दुसऱ्या कडव्याला टाळ्यांचा ठेका सुरू झाला. तिसऱ्याला काकींनी एक हात खिशात घातला आणि दुसऱ्या हातानं रोवणा केला. ते तालमीत नव्हतं. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. ललिताबाईंचं दुसरंही बटन उघडलं होतं, त्यांना कळलंच नाही, की कळलं होतं, ते मी विचारलं नाही.

परतीच्या गाडीत काकी माझ्या बाजूला बसल्या. मग म्हणाल्या, "सांगाले पाह्यजे होतं आम्हाले."

"हो, काकी."

"सांगतलं असतं तं आम्हीच हट्ट केला असता. चोरी कायले करायची?" आणि खिशातून सुपारी काढून मला दिली.

घरी पोचले तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. सासूबाई तिथंच बसल्या होत्या, दारात. मी ड्रेसमध्येच त्यांच्यासमोर उभी राहिले.

"काय म्हणले सरकारवाले?"

खरं तर काही बोलायची गरज नव्हती. सगळं पार पडलं होतं. पण एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा जड जात नाही.

"आई, सरकारनं ड्रेस म्हटलाच नव्हता. मलेच घालाचा होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाह्यांवरच्या सोनेरी लेसकडे जास्त वेळ पाहिलं.

"मालूम आहे."

"कसं?"

"सरकारच्या कामाले कोणी खिसे लावते काय? अन् गाणे म्हणत शिवते काय?" त्यांनी गुडघ्यावर हात टेकून उठायला सुरुवात केली. मी हात दिला. उठता उठता त्यांनी माझ्या कुर्त्याच्या खिशात दोन बोटं घालून खोली पाहिली, जसं विहिरीत वाकून पाणी पाहावं.

"दीपमाला."

"हो, आई."

"पोलक्याले लागते काय व असा?"

मी मशीनवरचं कापड बाजूला सारलं, टेप घेतली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माझ्या सासूनं हात पसरून माप द्यायला उभं राहावं, असं मी कधी पाहिलं नव्हतं.

"कोणत्या बाजूनं लावू?"

"उजव्या," त्या म्हणाल्या. "डाव्या बाजूनं पदर येते. खिसा दिसला पाह्यजे."