तीन फुल्या

पैसे दुसऱ्यांदा परत गेले तेव्हा पिऊनं परदेशातून आईला नाही, थेट बापालाच फोन लावला.

"नको असतील माझे पैसे तर तसं तोंडावर सांगा ना, बाबा! मुद्दाम बँकेचा चुकीचा कोड कशाला देता?" एवढं बोलून तिनं फोन ठेवलासुद्धा.

आता नाना म्हणजे बँकेत परदेशी पैशांच्या टेबलावर उभा जन्म घालवलेला माणूस. त्यांचा कोड चुकतो म्हणजे काय! पण खरं दुखणं वेगळंच होतं. पिऊ शिकायला म्हणून परदेशी निघाली तेव्हा रागाच्या भरात ते बोलून गेले होते, "जातेस तर जा, पोचल्याचंही कळवू नकोस." बापाचीच लेक ती, तिनं नाहीच कळवलं. पुढे बोलणं सुरू झालं, पण तेही 'बरे आहात ना' एवढ्यापुरतं. लेकीकडून एक पैसा त्यांनी कधी घेतला नाही. आता डोळ्याचं ऑपरेशन निघालं, बायकोनं हात धुऊन मागे लागून त्यांना हो म्हणायला लावलं, आणि नेमकी तिथंच माशी शिंकली.

"नीट आठवून बघा हो," बायको म्हणाली. "वय झालंय आता."

"झोपेतून उठवून विचार!" नाना उसळले. "पहिली चार अक्षरं बँकेची, पुढची दोन देशाची, मग दोन शहराची, आणि शेवटची तीन आपल्या शाखेची. पी, आय, यू!"

ती तीन अक्षरं ते विसरतील होय? शाखेला हा कोड मिळाला त्याच आठवड्यात त्यांना मुलगी झाली. सगळी टेबलं एकदम ओरडली, "चला, बारसं झालं! पिऊ!" पुढे शाळा सुटली की पोरगी बँकेतच यायची. टेलेक्स यंत्राच्या खडखडाटात बसून चित्रं काढायची, कार्बन पेपरनं नाकसुद्धा काळं करून घ्यायची. नाना फोनवर पलीकडच्या बँकेला कोड सांगायला लागले की शेवटची तीन अक्षरं तिनंच रिसीव्हरमध्ये ओरडायची. पलीकडचे साहेब हसून म्हणायचे, "पोचली हो, पिऊ पोचली!" काय दिवस होते ते!

दुसऱ्या दिवशी नाना तणतणत बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलीनं शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, ती शाखा केव्हाच मोठ्या शाखेत मिसळली. तो कोड आता चालत नाही. शेवटची तीन अक्षरं काढायची आणि तिथं हे लिहायचं." तिनं कागदावर तीन एक्स काढून दाखवले.

"फुल्या?" नाना कागद डोळ्यांजवळ नेत म्हणाले. "अहो, फुल्या आम्ही शिवीच्या जागी मारतो!"

मुलगी खुदकन हसली. नानांना मात्र भर बँकेत रडूच फुटलं. आपली शाखा, ती टेबलं, ती काळ्या नाकाची पोरगी, सगळं त्या तीन फुल्यांखाली गेल्यासारखं वाटलं त्यांना.

घरी येऊन त्यांनी स्वतः पिऊला फोन लावला. आजवर कधी लावला नव्हता.

"पिऊ, चूक माझीच गं. आपली शाखाच उरली नाही. तुझ्या नावाच्या जागी आता तीन फुल्या मारायच्यात. पैसे हवेत मला. तू पाठवतेस म्हणून हवेत."

पलीकडून "बरं, बाबा," एवढंच आलं.

त्याच आठवड्यात पैसे जमा झाले. बँकेतून आलेला कागद बायकोनं वाचायला घेतला, नानांना आता बारीक अक्षर दिसत नव्हतं.

"कोड बरोबर लागलाय, शेवटी फुल्याच आहेत. आणि खाली पाठवणाऱ्याचा निरोप म्हणून काहीतरी लिहिलंय... पिऊ पोचली. अगंबाई, हे काय? ती कुठं आलीय?"

"परत वाच," नाना म्हणाले.

"पिऊ पोचली."

नानांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"कळवलं गं तिनं," ते म्हणाले.